गासडीवरचा रुपया : वाशीमचा माणूस आणि मुंबईची वस्ती

मराठी साहित्यात मुंबईचे वर्णन कमी नाही. गिरगावातली चाळ, दादरची कॉलनी, गॅलरीतल्या गप्पा, गणपतीतले मेळे हे सारे पांढरपेशा लेखकांनी इतक्या वेळा लिहिले आहे की मुंबई कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या मास्तरालाही ते तोंडपाठ असते. ह्या मुंबईची हद्द परळच्या अलीकडेच संपत असे. ती ओलांडून पलीकडचे जग आणले ते बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार यांनी. १९७२ साली 'गोलपिठा' आले, १९७८ साली 'बलुतं' आले. कामाठीपुरा, कावाखाना, माटुंग्याचा लेबर कॅम्प ही नावे तेव्हा कुठे मराठी वाचकाच्या कानावर पडली. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बागूल नाशिककडचे, ढसाळ पुणे जिल्ह्यातले, पवार नगर जिल्ह्यातले. म्हणजे आपल्या साहित्यातली मुंबईसुद्धा प्रामुख्याने घाटावरून आणि कोकणातून आलेल्या आपल्या लोकांची मुंबई आहे. वऱ्हाडचा माणूस तीत क्वचित दिसतो, आणि वाशीमकडचा तर जवळजवळ नाहीच.

तो का दिसत नाही? तो मुंबईत उशिरा का आला? आला तेव्हा त्याने वस्ती कशी शोधली, डोक्यावर छप्पर कसे मिळवले, आणि दिवसभराच्या कामानंतर मन रमवायला तो कोठे गेला? मी स्वतः मालेगाव तालुक्यातला. मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे आठवते, म्हणून वाशीम जिल्ह्यातले, असे सांगावे लागते. माझ्या तरुणपणी तेही सांगता येत नव्हते. वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, मग तो अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. १९७३ साली मी मुंबईत आलो तेव्हा 'अकोल्याचा' म्हणूनच आलो. पुढे मास्तरकी केली, निवृत्त झालो. हा लेख म्हणजे त्या काळात जे पाहिले, विचारले आणि नंतर वाचले त्याची जुळणी आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते ६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत गेली. माणसांच्या सोयीसाठी ती गेली असे शाळेच्या पुस्तकात असते. वस्तुतः ती कापसाच्या गासड्यांसाठी गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला छोटी गाडी सुरू झाली, तिला लोक शकुंतला म्हणत. तीही कारंज्याच्या बाजारातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत पोचवण्यासाठीच. वाशीमवरून अकोला ते पूर्णा अशी मीटरगेजची गाडी होती. आमच्या भागातला कापूस मुंबईला जात असे, आधी कुलाब्याला, पुढे शिवडीजवळ कॉटन ग्रीनच्या गोदामांत.

हा कापूस कोण वेचत असे? महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, तांड्यावरच्या बाया. पहाटे ओटी बांधायची, सांजेपर्यंत वेचायचे आणि मालकाच्या वाड्यापुढे वजन करून मजुरी घ्यायची. काटा मालकाचा, वजन सांगणाराही मालकाचा. पुरुष सालदार. साल ठरायचे गुढीपाडव्याला, आणि आदल्या सालची उचल नव्या सालात धरली जायची.

आता मुंबईकडे वळू. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. त्याच बी.आय.टी. चाळी. पुढे १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. पन्नास हजार गाळे बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. ह्या चाळींसाठी पैसा कोठून आला? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला, त्यातून.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण व्यापारी कर कधी स्वतःच्या खिशातून भरत नाही. तो शेतकऱ्याचा भाव पाडून घेतो, आणि शेतकरी तो सालदाराच्या सालातून आणि वेचणीच्या मजुरीतून काढतो. म्हणजे बी.डी.डी. चाळींच्या त्या जाड सिमेंटच्या भिंतींमध्ये कारंजा, मंगरूळपीर, वाशीमच्या शिवारातल्या बायांच्या मजुरीचा वाटा आहे. ही भावनेची गोष्ट नाही, हिशोबाची आहे. गिरणी कामगारांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी कामगार मोजले, संप मोजले. गासडी कोणाच्या शेतातून आली हे विचारण्याचे काम तितक्या आस्थेने झालेले नाही.

आणि ज्यांच्या मजुरीतून चाळी झाल्या त्यांचे लोक त्या चाळींत राहिले नाहीत. ह्याला कारणे आहेत. कोकणातला माणूस बोटीने एका रात्रीत मुंबई गाठत असे. सातारा, नगर, नाशिकचा माणूस मुंबईच्या आवाक्यात होता. वऱ्हाडचा माणूस दूर होता, आणि त्याला दुसरी वाटही होती. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून सुरू होती, हिंगणघाट आणि बडनेऱ्याला गिरण्या होत्या, अकोला, मूर्तिजापूर, कारंजा येथे सरकी काढण्याच्या जिनिंगा आणि गासड्या बांधणारे प्रेस होते. माझ्या आजोबांच्या पिढीला शहर म्हणजे अकोला, आणि कारखाना म्हणजे कारंज्याची जिन. हंगामात जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत खोकत काम करायचे आणि हंगाम संपला की गावी परतायचे. त्यामुळे शहरात राहण्याचा, खोली घेण्याचा, वस्ती करण्याचा प्रश्नच त्यांना पडला नाही. मुंबईतल्या आपल्या बांधवांना तो दोन-तीन पिढ्या आधी पडला होता.

त्यांनी तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. बी.डी.डी. चाळी बांधून झाल्या तेव्हा त्या ओस पडल्या. वरळी तेव्हा गावाबाहेर होती, भाडे परवडत नव्हते. १९३०-३२ च्या कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेले घर कामगारांआधी कैद्यांच्या उपयोगी पडावे, हे आपल्या देशातल्या गृहनिर्माणाचे सबंध चरित्रच म्हणायचे. पुढे भाडी उतरली, माणसे आली. पण ती कशी आली? जातीच्या ओळखीने, गावाच्या ओळखीने आणि ठेकेदाराच्या ओळखीने. गावकीची खोली ही पद्धत त्यातूनच निघाली. एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा पुरुष, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. स्पृश्यांची गावकी वेगळी, आमची वेगळी. कोणत्याही सरकारी कागदावर असे लिहिलेले नव्हते. तरी अमुक क्रमांकाच्या चाळी महारांच्या, तमुक मराठ्यांच्या, हे वरळीत आणि नायगावात लहान मुलालाही ठाऊक होते. गावात कुसाचे दगड असतात. येथे चाळीचा नंबर होता.

गिरणीच्या आतही तेच. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तेथे धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, ह्या सबबीवर त्या खात्याची दारे आपल्या लोकांना बंद होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा संपाच्या कामगार पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. जेथे पगारच कमी, तेथे खोली कोठली मिळणार? घराचा प्रश्न आणि धोट्याचा प्रश्न एकच आहे हे ध्यानात घेतल्याशिवाय मुंबईतल्या दलित वस्त्यांचा नकाशा समजत नाही.

परंतु ह्या वेगळ्या वस्तीतून दुसरेही काही निपजले. खुद्द बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत समोरासमोरच्या ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत सुमारे २२ वर्षे, म्हणजे १९३४ पर्यंत राहिले. राजगृह नंतरचे. जवळच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ ची सभा तेथे झाली आणि २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे काम ह्याच दामोदर हॉलमधून चालले. चाळ, हॉल, छापखाना, मैदान हे सारे पायी चालण्याच्या अंतरात असणे, ही साधी वाटणारी गोष्ट चळवळीला किती उपकारक ठरली ह्याचा विचार केला पाहिजे. वाशीमच्या शिवारात पाच कोसांवरच्या दोन महारवाड्यांना एकमेकांची बातमी बाजाराच्या दिवशी कळत असे. नायगावात ती तासाभरात कळत होती.

आता करमणुकीकडे येतो. करमणूक हा विषय आपल्या नियतकालिकांत हलका मानला जातो. मला तसे वाटत नाही. माणूस कोणत्या वस्तीला आपली म्हणतो हे तो झोपतो कोठे ह्यापेक्षा संध्याकाळी जातो कोठे ह्यावरून ठरते.

गावात करमणूक होती, पण ती बसण्याच्या जागेसकट ठरलेली होती. जत्रेत तमाशाचा फड आला तर त्यात नाचणारे, ढोलकी वाजवणारे, सोंगाड्या सारे बहुधा आपलेच. आणि पाहायला मात्र आपण शेवटी, कडेला, उभ्याने. मुंबईत ग्रँट रोडजवळ पिला हाऊस. 'प्लेहाऊस'चे लोकांनी केलेले हे नाव. तेथे तमाशाची थिएटरे होती. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचे नाव तेथे गाजले. बापूराव ब्राह्मण कुलकर्णी आणि पवळा महार, ही जोडी कलेच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. मला महत्त्वाचे वाटते ते थिएटरचे तिकीट. पैसे टाकले की बाकावर बसायचे. शेजारी कोण बसला हे विचारायची सोय नाही. गावातल्या माणसाला मुंबईत समतेचा पहिला अनुभव सभेत नव्हे, तर पिला हाऊसच्या नाहीतर लालबागच्या हनुमान थिएटरच्या बाकावर आला, असे म्हटले तर काही विचारवंतांना राग येईल. पण जुन्या माणसांना विचारून पाहावे.

अर्थात तो विकत घेतलेला अनुभव होता, तीन तासांचा. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली आणि अण्णा भाऊ साठे यांनीही केली. दोन्ही लावण्या अभ्यासक शेजारी ठेवून वाचतात, ते योग्यच आहे. पहिलीत पाहुण्याच्या डोळ्यांना दिसणारी, दिपवून टाकणारी नगरी आहे. दुसरीत उंचावर राहणारे आणि त्यांच्यासाठी राबणारे एकमेकांसमोर उभे केले आहेत. बापूराव तीत खेळ घेऊन आले होते, अण्णा भाऊ वाटेगावहून पायी चालत आले आणि लेबर कॅम्पात राहिले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. शहर पाहणे आणि शहरात राहणे ह्यांतला फरक ह्या दोन लावण्यांएवढा स्पष्ट दुसरीकडे कोठे सापडणार नाही.

तमाशाचीच काठी घेऊन आपल्या लोकांनी जलसा उभा केला. सत्यशोधकांनी वाट दाखवली होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी त्यात आंबेडकरी विचार भरला. गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला, शृंगार गेला; ढोलकी, सवाल-जवाब आणि विनोद राहिला. वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मजुरी करता करता शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत त्यांना अक्षरओळख झाली आणि १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. कापसाच्या रुपयातून उभ्या राहिलेल्या चाळीत एक निरक्षर मजूर वाचायला शिकतो, आणि त्याची गाणी पुढे वाशीम, रिसोड, मंगरूळपीरच्या बुद्धविहारांपुढे रात्र रात्र गायली जातात. तो रुपया आमच्याकडे परत आला असेल तर एवढाच आला.

वऱ्हाडातून माणसांचा मोठा ओघ मुंबईकडे लागला तो १९७२ च्या दुष्काळाने. शेजारच्या मराठवाड्याइतकी होरपळ आमच्याकडे नव्हती, पण भूमिहीनाला दुष्काळ पाऊस मोजून येत नाही, काम मोजून येतो. त्यापूर्वी जमिनीसाठी झगडून झाले होते. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत पडीक जमिनीबरोबरच झोपडपट्टीवासीयांचा प्रश्नही होता, हे आज विसरले गेले आहे. गावातली जमीन आणि शहरातली झोपडी ह्या एकाच दोरीच्या दोन गाठी आहेत, हे त्या पिढीच्या कार्यकर्त्यांना नेमके कळले होते.

मी आलो तेव्हा चाळी भरलेल्या होत्या. खोलीची पागडी ऐकून आमच्यासारख्यांनी विषय सोडून द्यायचा. माझे मामा आधीच घाटकोपरला हमरस्त्यालगतच्या वस्तीत राहात होते. तीच पुढे माता रमाबाई आंबेडकर नगर म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. तेव्हा बांबू, गोणपाट, ताडपत्री, पत्रा अशा क्रमाने घर 'वाढत' असे. पत्रा पडला की माणूस स्थिरावला असे समजावे. वस्ती बाहेरून चिखलाचा ढीग दिसे, पण आत तिला रचना होती. अमुक बोळात जालन्याकडचे, पलीकडे बुलडाण्याचे, आमच्या बोळात अकोला-वाशीमचे. सकाळी पुरुष नाक्यावर उभे राहायचे, बाया इमारतीच्या कामावर रेती-विटा वाहायच्या. मामा म्हणत, "गावात कूस दिसते तरी. इथं काही दिसत नाही, इचारलं म्हणजे कळते." ते कळायचेही लवकरच. खोली भाड्याने मागायला गेलो की आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग खोली 'आत्ताच दिली' असे सांगायचे.

येथे वाशीमच्या माणसाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडली, तिची नोंद झाली पाहिजे. १९७१ साली झोपडपट्टीविषयीचा कायदा आला आणि १९७६ च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. आमच्या गावातल्या घराला कधी कागद नव्हता. महारवाडा गावठाणाच्या कडेला होता एवढेच, कोणाच्या नावावर काय ते पाटील-कुलकर्णी जाणोत. सरकारने आमच्या कुटुंबाचे घर म्हणून मान्य केलेली पहिली जागा ही मुंबईतली झोपडी होती. मामांनी तो फोटोपास प्लॅस्टिकमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. पावसात पाणी शिरले की आधी पेटी उचलायची, मग धान्य.

ह्या कागदाची किंमत पुढे कळली. १९८१ च्या जुलैत भर पावसात पदपथावरच्या आणि इतर झोपड्या तोडून माणसांना बसमध्ये भरून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालय म्हणाले, आणि त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन झोपडी हलवता येते असेही म्हणाले. आपल्या कार्यकर्त्यांनी पहिले वाक्य भाषणांत वापरले, प्रशासनाने दुसरे वापरले.

वस्ती एकत्र असण्याचे बळ आणि धोका दोन्ही मी पाहिले. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला मोर्च्यावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव मारले गेले. त्या चाळींत पोलिसांची कुटुंबेही राहात होती, आणि पोलीस कोणाच्या बाजूचे हा प्रश्न त्यामुळे फार थेट झाला. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. कोणत्या नंबरच्या चाळीवर दगड टाकायचा हे दंगलखोरांना शोधावे लागले नाही. पन्नास वर्षे सगळ्यांना पाठ असलेला तो नकाशा होता. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. ज्या बोळांत मी पहिली काही वर्षे काढली ते बोळ वर्तमानपत्रांत प्रथम छापून आले ते असे. तोपर्यंत तेथे पंचवीस वर्षे जयंत्या झाल्या होत्या, कव्वालीचे मुकाबले झाले होते, पोरे दिव्याखाली बसून मॅट्रिक झाली होती. त्याची बातमी कधी झाली नाही.

त्या मुकाबल्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे. एप्रिल महिन्यात रस्त्यालगत मंडप पडे, दोन गायनपार्ट्या समोरासमोर आणि श्रोते पहाटेपर्यंत. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधायचे, समोरच्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे. शिष्ट मंडळी नाक मुरडत. पण वाशीमकडून नुकत्याच आलेल्या, कोणाशी ओळख नसलेल्या पोराला ह्या मंडपातच गावचा माणूस भेटे, नोकरीची खबर मिळे, लग्नाची बोलणी निघत. बायांना मोकळेपणी रात्री बाहेर बसता येई ती जागा हीच. गावात त्यांच्यासाठी अशी जागा पाण्याची वाट सोडली तर नव्हतीच.

आणि ६ डिसेंबर. वाशीम जिल्ह्यातल्या हजारो माणसांना मुंबई दिसली ती नोकरीसाठी नव्हे, चैत्यभूमीसाठी. अकोल्याहून किंवा मूर्तिजापूरहून गाडी पकडायची, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, भाकरी-ठेचा बांधून घेतलेला. दादरला उतरायचे, शिवाजी पार्कात पथारी टाकायची, पहाटे रांगेत लागायचे. मग दुसरा दिवस शहराचा. राजगृह, परळची बी.आय.टी. चाळ, आयुष्यात प्रथम पाहिलेला समुद्र, गेटवे, जमल्यास कोणा नातेवाइकाची झोपडी. प्रवासी कंपनीच्या पुस्तकात नसलेली ही मुंबईची सहल आहे. दादरकरांची ह्या दिवसांविषयीची तक्रार, घाण होते, गर्दी होते, दरवर्षी छापून येत असे. त्याच मैदानावरच्या इतर गर्द्यांविषयी इतक्या नियमाने तक्रार का येत नाही, हे विचारायला हरकत नाही. ह्या लोकांनी परत जाताना नेलेले सामान मी पाहिले आहे. पुस्तके, दिनदर्शिका, कॅसेटी, एखादी बुद्धमूर्ती. आमच्या गावच्या विहारातली मूर्ती शिवाजी पार्कवरून अशीच मांडीवर गेली.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना परिषदेत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते सर्वांना माहीत आहेत. गाव सोडा, शहरात जा, हा त्याचा आपण घेतलेला अर्थ. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहतींची योजना मांडली होती, इकडे कमी लक्ष दिले जाते. वेगळी वस्ती ही आपोआप शिक्षा नसते. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि बाहेर पडण्याची मुभा आहे की नाही, ह्यावर ते ठरते. महारवाडा वेगळा होता आणि जमीन दुसऱ्याची होती. बी.डी.डी. चाळ वेगळी होती आणि खोली भाड्याची का होईना, हक्काची होती. रमाबाई नगर वेगळे होते आणि कागद अर्धा होता.

आज हा प्रश्न पुन्हा उभा आहे. बी.डी.डी. चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे काम चालू आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना स्वतंत्र संडास मिळाला, ह्यात कुरकूर करण्यासारखे काही नाही. जे चाळीच्या जिव्हाळ्याचे गोडवे गातात त्यांनी त्या सामाईक संडासाच्या रांगेत आठवडाभर उभे राहून पाहावे. परंतु टॉवरमध्ये चाळीचे नंबर गेले तरी मैदान, विहार, वाचनालय, जयंतीचा मंडप ह्यांची जागा नकाशात कोठे आहे, दरमहाचा देखभाल खर्च पुढे कोण भरणार, हे रहिवाशांनी विचारलेच पाहिजे. झोपडपट्टीत प्रश्न आणखी बिकट. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, त्यानंतरचा असेल तर अपात्र. आणि वाशीमचा माणूस हा नेहमीच उशिरा येणारा माणूस आहे. ज्यांचे पुरावे जुने ते कोकण-घाटाचे आणि आमच्यातले १९७२ चे. कापूस जाऊन सोयाबीन आले, सोयाबीनची काढणी यंत्राने होऊ लागली. त्यानंतर जे निघाले त्यांच्या पेटीत दाखवायला काही नाही.

नवी पिढी आता मुंबईला जातही नाही. वाशीम, रिसोड, कारंज्याहून संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाड्या सुटतात त्या पुण्याला. कोणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी, कोणी स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला. तेथे वस्ती नाही, हॉल नाही, मंडप नाही. कॉट बेसिसची खोली आहे आणि मोबाईलवरची करमणूक आहे. घरमालक जात विचारत नाही, 'नॉनव्हेज चालणार नाही' एवढे म्हणतो आणि आधार कार्डावरचे आडनाव वाचतो. माझ्या एका विद्यार्थ्याने पुण्यात अशा सात खोल्या पाहिल्या, आठवी मिळाली ती गावाकडच्या मित्राच्या नावावर. चाळीच्या नंबरमुळे आपल्याला किमान एकमेकांचा पत्ता माहीत होता. ह्या मुलांना शेजारच्या खोलीत आपला कोणी आहे काय हेही ठाऊक नसते.

वाशीम, मंगरूळपीर, मानोरा येथील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मित्रांना माझी एक सूचना आहे. आपापल्या गावातून कोण कोणत्या साली कोठे गेले, प्रथम कोणाकडे उतरले, पहिली खोली किंवा झोपडी कशी आणि कितीला मिळाली, वेचणीचा दर काय होता, पहिला सिनेमा, पहिला तमाशा, पहिला ६ डिसेंबर कोणता, हे विचारून लिहून घ्यावे. बायांना आधी विचारावे. पुरुष तारखा सांगतात, बाया भाडे आणि पाण्याचे अंतर सांगतात. माझ्या परीने मालेगाव तालुक्यातल्या काही कुटुंबांच्या हकिकती मी दोन वह्यांत उतरवल्या आहेत. ज्याला पुढे काम करायचे असेल त्याने त्या घेऊन जाव्यात.